जाळीवरच्या भाकरी

ज्या माणसाला हे सांगायला हवं होतं तो आता नाही. आणि जे आहेत त्यांच्यापैकी कुणालाच मी हे आजवर सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढे हात जोडले तरी मी दुसरंच काहीतरी बोलत बसायची — पाऊसपाणी, पोरींची तब्येत, असलंच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जाऊ दे. कारण शोधत बसले तर सांगायचं परत राहून जाईल.

एक मात्र आधीच सांगते. ते दिवस आठवले की मला लाज वाटते आणि त्याच वेळी आनंदही होतो — दोन्ही एकदम. असं होतं का हो कुणाचं? माझं होतं. कारण ते दिवस होतेच तसे!

मी मूळची सीमेवरच्या दुधनीची. घरात कन्नड, गल्लीत मराठी. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. लग्न होऊन सोलापुरात आले आणि सत्तरनंतरच्या त्या वर्षांत भवानी पेठेपलीकडच्या एका डाईंगमध्ये कामाला लागले. चादरीचं सूत रंगवायचं, सुकवायचं आणि विणणाऱ्या मागवाल्यांना द्यायचं, असं तिथलं काम. रंगवायचं काम पुरुषांकडं. सुकवायचं आमच्याकडं, बायकांकडं.

उन्हाळ्यात अंगणात बांबू टाकले की झालं. पावसाळ्यात मात्र सगळा भार गरम खोलीवर. पक्क्या विटांची, दुहेरी भिंतीची ती खोली. दोन भिंतींच्या मधे राख ठासलेली, म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये. बॉयलरची वाफ नळ्यांतून यायची, पंखा त्या नळ्यांवरून वारा ढकलायचा आणि तो तापलेला वारा जमिनीतल्या लोखंडी जाळ्यांतून वर यायचा. वर बांबूंवर सुताच्या ओल्या लडी. आत जायचं ते डोक्यावर ओलं फडकं घेऊन, श्वास धरून, आणि चटकन बाहेर. मला त्याची सवय झाली होती. बाकीच्या म्हणायच्या, अक्का मागच्या जन्मी चुलीत राहत होती.

खोलीचं एकच दुखणं होतं. ती सारखी सुकवायची नाही. इकडची लड करकरीत वाळलेली, तिकडची ओलसर. मग रंगाला डाग पडायचे, मागवाले माल परत आणायचे आणि मालकांचं डोकं खोलीपेक्षा जास्त तापायचं.

अशात मालकांचा भाचा आला — श्रीनिवास. मुंबईला इंजिनिअरिंग शिकत होता. बारीक अंगाचा, चष्मा घामानं सारखा घसरणारा, आणि बोलायला लागला की तेलुगू, मराठी, इंग्रजी एकात एक. तो म्हणाला, मामा, ही खोली मी कॉम्प्युटरमध्ये उभी करतो.

कॉम्प्युटर! हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकला होता? मला वाटलं, काहीतरी क्रेनसारखं असेल, खोली उचलून आत ठेवणारं. श्रीनिवास हसला नाही. सुताच्या गठ्ठ्यावर बसून त्यानं मला समजावलं. खोलीचे छोटे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाची उष्णता त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून. शेजारी तापला की हाही थोडा तापणार, शेजारी गार पडला की हाही थोडा गार होणार. कॉम्प्युटर सगळ्या चौकोनांचा हिशेब पुन्हा पुन्हा करत राहतो, आकडे हलायचे थांबेपर्यंत.

मला ते लगेच कळलं, बरं का! अहो, आमच्या चाळीत तसंच तर होतं. एका घरात भांडण पेटलं की दोन्हीकडची घरं तापायची, आणि हळूहळू सगळी चाळ एका ठिकाणी येऊन थांबायची. मी हे बोलले तर त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "अक्का, आमच्या सरांना हे असं सांगता आलं नाही."

मग त्यानं पिशवीतून पत्ते काढले. पुठ्ठ्याचे, चौकोनी भोकं पाडलेले. मी खो खो हसले. माझा नवरा जकार्डच्या मागाचे पत्तेच पंच करायचा! चादरीवर मोर कुठं यायचा ते त्या भोकांवरून मागाला कळतं, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बघत होते. म्हणजे मुंबईचं ते यंत्र आमच्या मागाचंच कुणीतरी नातेवाईक निघालं. त्या दिवसापासून माझी त्या यंत्राबद्दलची भीती गेली आणि वेड लागलं. खरंच वेड.

पत्ते मुंबईला जायचे, काही दिवसांनी रुंद कागदाची चळत परत यायची, तिच्यावर नुसते आकडे. श्रीनिवास ती जमिनीवर पसरायचा आणि आम्ही भोवती बसायचो. आकडे खोलीच्या नकाशासारखेच मांडलेले असायचे. हे दार, हा पंखा, ह्या जाळ्या! मी रंगाच्या टबातून बोट बुडवून आणायची, जास्त आकड्यांवर लाल, कमी आकड्यांवर निळं. कागदावर आमची खोली उमटायची — कुठं ती पेटलेली, कुठं निजलेली. मला ते इतकं सुंदर वाटायचं, काय सांगू! आणि गंमत ही की पंखा प्रत्यक्षात न हलवता हलवून बघता यायचा. पत्ते बदलायचे, झालं. पत्रा इकडं लावला तर? जाळी मोठी केली तर? एक वीट न काढता खोली मोडायची आणि परत बांधायची.

शांताबाई माझ्याबरोबर कामाला होती, तोंडाची भारी. ती म्हणाली, "त्यो मुंबईचा डबा एवढा शाना आसंल तर त्याला इचार की, माझा नवरा रोज सांजच्याला कुटं आसतो."

मालकांचा मात्र यावर भरवसा नव्हता. एकदाच त्या कागदांकडं बघून म्हणाले, "कागद तापतो का रे, भाच्या? तापत असला तर सांग, लडी त्याच्यावरच वाळत घालू." पण त्यांनी शब्द दिला होता. खोलीतली खरी उष्णता आणि कागदावरची उष्णता जुळली, तर श्रीनिवास सांगेल तशी खोली बदलायची. जुळली नाही, तर त्यानं गुपचूप मुंबई गाठायची.

खरी उष्णता मोजायला आत कोण जाणार? मीच. तारेला बांधलेली थर्मामीटरं ठरलेल्या जागी टांगलेली असायची. दुपारच्या जेवणाआधी मी आत शिरायची, आकडे डोक्यात धरून बाहेर यायची आणि घडाघडा सांगायची. एकही आकडा मी कधी खोटा सांगितला नाही. हे लक्षात ठेवा — आकडा एकही खोटा नव्हता. मला हे कुणाला तरी सांगायचंच होतं. त्यानं काही फरक पडत नाही, तरी.

सगळीकडं जुळत गेलं. दारापाशी जुळलं, पंख्यापाशी जुळलं, मधोमध तर असं जुळलं की श्रीनिवासनं टाळ्या वाजवल्या. जुळत नव्हता तो एकच कोपरा, मागचा. कागद म्हणायचा तिथं चांगलं तापायला हवं. आणि मी बाहेर येऊन सांगायची, सर, गारच हाय.

आता भाकरीचं सांगते. तुम्ही म्हणाल हिनं मधेच भाकरी कुठं काढली. पण सगळं तिथंच आहे.

आमच्याकडं कडक भाकरी लागते. ज्वारीची, पातळ, पापडासारखी मोडणारी. शेंगांच्या चटणीबरोबर खायची, चार दिवस राहते. पण ती कडक करायची म्हणजे भाजून झाल्यावर चुलीला जोडलेल्या वैलाला टेकवून मंद आचेवर कितीतरी वेळ ठेवावी लागते. कामावर येणाऱ्या बाईला तेवढा वेळ कुठला आणि जळण कुठलं? तर मी एकदा शक्कल काढली. घरून मऊ भाकरी आणायच्या आणि गरम खोलीच्या मागच्या कोपऱ्यातल्या जाळीवर फडकं टाकून मांडायच्या. सकाळी ठेवल्या की जेवणाच्या वेळेला कशा खुटखुटीत! हळूहळू सगळ्याच बायका ठेवायला लागल्या, स्वतःच्या, पोरांच्या, शेजारणीच्याही. लडींच्या खाली, मागच्या बाजूला — बाहेरून कुणाला दिसायचं नाही. मालकांना कळलं असतं तर हाकललंच असतं. रंगाच्या मालात खाण्याच्या वस्तू म्हणजे काय? आणि शक्कल कुणाची, तर अक्काची.

त्या जाळीतून वारा यायचा. त्या जाळीवर आमच्या भाकरींची चवड असायची. आणि मी आकडा बघायची तो जेवणाआधी, चवड जागेवर असताना.

कळलं ना तुम्हाला? मला तेव्हा कळलं नव्हतं. खरंच नव्हतं. भाकरी माझ्या डोळ्यांना रोजची होती, ती मला दिसतच नव्हती.

श्रीनिवासनं पत्ते परत परत तपासले. जेवण सुटलं त्याचं. मग त्यानं एक करून बघितलं — त्या कोपऱ्यातली भिंत पोकळ आहे, आत राख भरलेलीच नाही, असं कॉम्प्युटरला सांगितलं. कागद परत आला आणि कोपऱ्यातला आकडा माझ्या आकड्याच्या अगदी जवळ! तो नाचलाच. म्हणाला, सापडलं, भिंतीतून ऊब गळतेय. आपण जे सांगू त्याच्यावर ते यंत्र हिशेब करतं हो. भिंत पोकळ म्हणून सांगितलं तर पोकळ धरून चालतं. भाकरीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती भिंत बांधली होती इस्माईल मिस्त्रींनी. सोलापुरात बॉयलरची, भट्टीची भिंत म्हटली की लोक त्यांचं नाव घ्यायचे. उंच, कमी बोलणारे, पांढऱ्या दाढीला विटेची लाली लागलेली. राख ठासताना स्वतः आत उतरायचे, गड्याच्या हाती द्यायचे नाहीत. मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, फोडून बघा. मालक म्हणाले, ऐन पावसाळ्यात खोली फोडून बसू काय? त्यापेक्षा बाहेरून गिलाव्याचा जाड थर द्या. मिस्त्रींनी भिंतीवर बोटांनी टकटक केली, मान हलवली, आणि शनिवारी थर दिला. रविवारी सुट्टी.

सोमवार आला तो श्रावणातला पहिला सोमवार.

आम्हा सगळ्यांचा उपास. त्या दिवशी डाईंगमध्ये भाकरी म्हणून नव्हती.

मी ओलं फडकं घेऊन आत शिरले. मागच्या कोपऱ्यात गेले आणि पायाला अशी झळ लागली म्हणता! खाली बघितलं. जाळी मोकळी. वारा भणाणत वर येत होता. मान वर केली तर थर्मामीटरचा पारा बरोब्बर तिथं, जिथं कागदानं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. पोकळ भिंतीच्या कागदानं नाही हो — पहिल्या कागदानं. पक्क्या भिंतीच्या.

अंगावर काटा आला. त्या गरम खोलीत काटा! मला एका क्षणात सगळं दिसलं. यंत्र बरोबर होतं. भिंत बरोबर होती. मुंबईत कुठल्याशा खोलीतलं, आमची खोली कधी न बघितलेलं ते यंत्र आमच्या कोपऱ्याबद्दल खरं बोलत होतं, आणि हे जगात त्या घडीला फक्त मला ठाऊक होतं. असा आनंद मला पोरी झाल्या तेव्हाही झाला नाही, खरं सांगते. मी पळत बाहेर आले आणि ओरडून आकडा सांगितला.

मग काय विचारता! श्रीनिवासनं मामांना मिठी मारली. मालक हसले — मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. उपासाला चालतात म्हणून पेढे मागवले. जो तो म्हणत होता, थर दिला आणि जुळलं बघा, भिंतच गळत होती. मिस्त्री तिथंच उभे होते, थापी हातात. श्रीनिवास आनंदाच्या भरात म्हणाला, "काय मिस्त्री, मुंबईत बसून चोरी पकडली की नाही तुमची?"

सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पोरगा खुशीत होता. मीही हसले. तोंडात पेढा होता माझ्या.

मिस्त्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले, आजाऱ्याचा ताप बघावा तसे.

तेव्हा बोलता आलं असतं ना मला? आलं असतं. पण मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना बाजूला घेऊन सांगितलं, आजपासून जाळीवर भाकरी ठेवायची न्हाय, मालकांची नजर हाय. शांताबाई कुरकुरली. म्हणाली, एवढी वर्षं नव्हती ती नजर आत्ताच कुठनं आली? मी तिच्यावर खेकसले. भाकरी बंद झाल्या. कोपरा तापलेलाच राहिला. रोज आकडा जुळत राहिला, आणि रोज मिस्त्रींची भिंत खोटी ठरत राहिली — माझ्याच तोंडून, खऱ्या आकड्यांनी.

पुढं सगळं आनंदाचंच झालं. श्रीनिवासनं कागदावर पंखा फिरवून बघितला, पत्रे लावून बघितले, आणि दिवाळीच्या आत खोली तशी बदलली. लडी एकसारख्या सुकायला लागल्या! रंगाचे डाग गेले, कोळसा कमी लागायला लागला. दुसऱ्या डाईंगवाले बघायला यायचे आणि मी त्यांना कागद पसरून दाखवायची — हे दार, हा पंखा. त्या वेळची माझी ऐट बघायला हवी होती तुम्ही. मालकांनी ठरवलं, तशाच आणखी खोल्या बांधायच्या, आधी कॉम्प्युटरमध्ये आणि मग विटांत.

आणि बांधायला त्यांनी इस्माईल मिस्त्रींनाच बोलावलं. हे मुद्दाम सांगते. मालकांनी मनात ठेवलं नव्हतं. म्हणाले, चूक कुणाची होत नाही, या वेळी राख नीट भरा म्हणजे झालं.

मिस्त्री मालकांना उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं आले. मी नळावर फडकी पिळत होते. ते थोडे लांब उभे राहिले, नेहमीसारखे अदबीनं. म्हणाले, "अक्का, तुमे रोज अंदर जाते. मैं अपने हाथ से भरा था, फिर भी अब मेरेकू ही समजता नहीं. सच बोलो, मेरी दिवाल कच्ची थी क्या?"

बघा. दुसऱ्या कुणाला नाही विचारलं. कॉम्प्युटरला नाही, मालकांना नाही. मला विचारलं, कारण आत जाणारी मी होते. आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. भाकरीचं त्यांना सांगितलं असतं तर ते मालकांपर्यंत गेलं असतं का? त्या माणसानं कुणाचं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी फडकं पिळत राहिले आणि म्हणाले, "व्हय मिस्त्री. गार लागायचं तितं."

खोटं होतं का ते? गार तर लागायचंच.

त्यांनी मान डोलावली. "अच्छा हुआ, तुमे बोले," म्हणाले. मालकांकडं गेले आणि काम नको म्हणून सांगून आले. मालकांनी पुष्कळ समजावलं. नव्या खोल्या दुसऱ्या मिस्त्रीनं बांधल्या. इस्माईल मिस्त्रींनी नंतर कुठल्याच भट्टीची भिंत बांधली नाही. लोकांच्या ओसऱ्यांना फरशी बसवायचे, न्हाणीघरांना गिलावा करायचे. बोलावणी येत होती, ते जात नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, हाताचा भरवसा राहिला नाही.

बऱ्याच वर्षांनी ती जुनी खोली पाडली. मी तेव्हा काम सोडलं होतं, पण बघायला गेले. बाकीच्या भिंती उतरल्या, आणि मागच्या कोपऱ्याशी गडी अडले. पहार मारली की ठण्ण करून मागं यायची. शेवटी एक वीट निघाली आणि आतली राख दिसली. अशी ठासलेली, की वीट काढली तरी ती जागची ढळली नाही. तिच्यावर विटेचा ठसा तसाच होता. एक गडी म्हणाला, "कुणी बांधली ही? हात भरून आले, लावायला तेल आणा रं." सगळे हसले.

मिस्त्री त्या वेळी हयात होते. भवानी पेठेतच राहायचे, मी उभी होते तिथून पायी जाण्यासारखं घर. मी तिथून निघाले, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आणि घरी आले. स्वयंपाकाची वेळ झाली होती. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

आमच्या घरी कडक भाकरी अजून होते. ती मोडताना जो आवाज होतो ना, तो ऐकला की मी नळावर उभी असते, हातात पिळलेलं फडकं, आणि ते लांब उभे राहून विचारत असतात. उत्तर एवढंसं होतं — न्हाय मिस्त्री, भिंत पक्की हाय. माझ्या भाकरी होत्या जाळीवर.